वर्णन एक, वस्तू दुसरी : ऑनलाइन बोलीत घेतलेला जुना फोन आणि तुमचे पैसे

१९९५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत पिअर ओमिडियार या संगणक अभियंत्याने ऑनलाइन लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जिचा उल्लेख होतो, ती होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. बोली थांबली १४ डॉलर ८३ सेंटवर. हा चालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे ना, असे ओमिडियार यांनी घेणाऱ्याला विचारले. त्याने कळवले की, आपण बिघडलेलेच पॉइंटर जमवतो. वस्तू जुनी होती आणि बंद होती, तरी तक्रार झाली नाही, कारण वर्णन खरे होते.

आमच्या शाखेत अशा खरेदीबद्दल जे खातेदार येतात, त्यांची अडचण बरोबर उलटी असते. वस्तू जुनी निघाली याचे त्यांना दुःख नसते. जुनीच घ्यायला ते गेलेले असतात. 'बॅटरी उत्तम' म्हटलेला फोन दुपारीच बंद पडतो, ५१२ जीबीचा लॅपटॉप २५६ जीबीचा निघतो, 'एकदाही उघडलेला नाही' असा फोन दोनदा उघडून जोडलेला असतो, हे खरे दुखणे आहे. आणि काउंटरवरची पहिली मागणी बहुधा एकच असते : "साहेब, पैसे परत वळवून द्या." ते बँकेला कधी जमते आणि कधी जमत नाही, यावरच या लेखात जास्त जागा दिली आहे.

आपल्याकडे हा धंदा कसा वाढला ते थोडक्यात सांगतो. २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात, एका विक्रेत्याने विकायला ठेवलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीवरून बाझीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. माल दुसऱ्याचा, जागा आपली, मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न देशात तेव्हा प्रथमच इतक्या मोठ्याने विचारला गेला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरची कारवाई रद्द केली, तीही कंपनीलाच आरोपी केलेले नव्हते या मुद्द्यावर. दरम्यान माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन मध्यस्थ संकेतस्थळांना काही अटींवर संरक्षण मिळाले होते. ईबेचे भारतातले संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर शुद्ध लिलाव कमी उरला आणि त्याची जागा तीन गोष्टींनी घेतली : जाहिरातींची संकेतस्थळे, जिथे 'ऑफर' टाकून घासाघीस होते, दुरुस्त करून विकणाऱ्या कंपन्या, ज्यांचा माल 'रिफर्बिश्ड' म्हणून येतो, आणि समाजमाध्यमांवरचे गट, जिथे रात्री नऊला बोली सुरू होते आणि साडेनऊला फोन विकलेला असतो.

या तिन्ही ठिकाणी तुम्हाला मिळणारे संरक्षण सारखे नाही. फोन तोच, किंमत तीच, पण विकणारा कोण आणि पैसे कोणत्या वाटेने गेले, यावर तुमचा हक्क ठरतो.

पैसे कोणत्या वाटेने गेले

बँकेच्या नजरेत दोन प्रकारचे व्यवहार असतात. एक, जो तुम्ही केलाच नाही. कोणीतरी तुमच्या खात्यातून परस्पर केला. दुसरा, जो तुम्ही स्वतः पिन टाकून केला, पण समोरच्याने फसवले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे. त्रयस्थाने केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार नाही, असे जे तुम्ही ऐकले आहे ते त्यातलेच. पण ते पहिल्या प्रकाराला लागू आहे. तुम्ही स्वतः यूपीआयने २४,००० रुपये पाठवून लॅपटॉप घेतला आणि तो खराब निघाला, तर तो दुसरा प्रकार. तिथे बँक विक्रेत्याच्या खात्यातून त्याच्या संमतीशिवाय रक्कम ओढून आणू शकत नाही. यात बँकेची बेपर्वाई नाही. उद्या कोणीही 'मला माल आवडला नाही' म्हणून तुमच्या खात्यातून पैसे परत ओढू लागला तर तुम्हालाही ते चालणार नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. माल आलाच नाही, विक्रेत्याचा नंबर बंद, जाहिरात गायब, तर हा वर्णनाचा वाद उरत नाही. ती सायबर फसवणूक होते. अशा वेळी शाखा उघडण्याची वाट पाहू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम समोरच्या खात्यात अजून पडून असेल तर ती गोठवता येते. ती पुढच्या दोन-तीन खात्यांत फिरली की काम अवघड होते. इथे तासांचा हिशेब असतो.

पैसे कार्डाने, एखाद्या दुकानाला किंवा संकेतस्थळाला दिले असतील तर चित्र बदलते. कार्डाच्या व्यवस्थेत 'चार्जबॅक' नावाची सोय आहे आणि 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' हे त्यातले मान्य कारण आहे. मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण बँकेला कागद तयार करायलाही वेळ लागतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच अर्ज द्या. अर्जात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत : तुम्ही आधी विक्रेत्याशी मिटवायचा प्रयत्न केलात, आणि वस्तू परत केलीत किंवा परत करायची तयारी कळवलीत. वस्तू वापरत राहून पैसे मागणाऱ्याचा अर्ज टिकत नाही. क्रेडिट कार्ड असेल तर वाद चालू आहे म्हणून महिन्याचे सगळे बिल थकवू नका. उरलेल्या रकमेवरचे व्याज आणि दंड तुमच्याच माथी येतो.

रोख दिले असतील तर बँकेकडे सांगण्यासारखे काहीच नाही. जुन्या वस्तूच्या व्यवहारात विक्रेता 'कॅश द्या, पाचशे कमी करतो' म्हणतो, तेव्हा तो पाचशे रुपयांत तुमचा पुरावा विकत घेत असतो.

शब्द नीट वाचा

जाहिरातीतल्या काही शब्दांना बाजारात ठरलेले अर्थ आहेत. 'ओपन बॉक्स' म्हणजे खोके उघडलेले, वस्तू परत आलेली असू शकते. 'रिफर्बिश्ड' म्हणजे तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला आणलेली. दुरुस्ती कोणी केली हे त्या शब्दात येत नाही. 'अनटेस्टेड' म्हणजे तपासलेली नाही, आणि माझे मत विचाराल तर बहुतेक वेळा तपासली आहे, बंद आहे, पण सांगायचे नाही. 'फॉर पार्ट्स' म्हणजे सुटे भाग काढण्यासाठी. आयफोन घेत असाल तर सेटिंगमधल्या मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर पाहा. 'एम' असेल तर तो नवा म्हणून विकलेला, 'एफ' असेल तर कंपनीने दुरुस्त केलेला, 'एन' असेल तर बदली म्हणून दिलेला. 'नवाकोरा' सांगून 'एफ' निघाला तर वाद तिथेच अर्धा संपला.

कायदा काय म्हणतो तेही सोप्या शब्दांत पाहू. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे; ही अट लिहिली नसली तरी असतेच. कलम ६४ लिलावाबद्दल आहे. बोली संपल्याचे जाहीर होईपर्यंत कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. आणि आपण स्वतः बोली लावू, असे आधी न सांगता विक्रेत्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी भाव चढवला, तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो. समाजमाध्यमांवरच्या गटांत हे सर्रास चालते. शेवटच्या पाच मिनिटांत अचानक उगवणारी, पूर्वी कधी न दिसलेली बोली पाहिली की हात आखडता घ्या. बोलीची झिंग साध्या माणसालाही चढते. २०२२ मध्ये आपल्या चंदीगडच्याच वाहन क्रमांकांच्या लिलावात '०००१' हा क्रमांक १५ लाख ४४ हजारांना गेला, आणि तो आधी लागणार होता एका ॲक्टिव्हावर. ज्याची ऐपत आहे त्याने हौस करावी. पण बचत खात्यातल्या २० हजारांवर फोन घेणाऱ्याने आपली कमाल रक्कम बोलीआधीच कागदावर लिहून ठेवावी.

आता 'जसे आहे तसे' या शब्दांबद्दल. ते लिहिले म्हणजे विक्रेता सुटला, असा समज आहे. तसे नाही. या शब्दांनी तो दर्जाची हमी नाकारू शकतो, पण खोटे सांगण्याचा परवाना त्याला मिळत नाही. मात्र इथे एक बारीक मुद्दा आहे, तो लक्षात ठेवाच. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. मदरबोर्ड एकदा जळला होता हे विक्रेत्याने सांगितले नाही आणि तुम्ही विचारले नाही, तर तुमची बाजू लंगडी. तुम्ही विचारले आणि त्याने 'कधी दुरुस्ती झालेली नाही' असे लिहिले, तर ते विधान झाले आणि ते खोटे ठरले तर तो अडकला. म्हणून पैसे देण्याआधी त्या संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच, फोनवर नव्हे, विचारा : यात काय काय बदलले आहे? बॅटरी किती टिकते? बिल कोणाच्या नावावर आहे? हप्ते बाकी आहेत का? शेवटचा प्रश्न नाजूक वाटतो, पण विचारा. हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते थकल्यावर कर्ज देणारी कंपनी दुरून बंद करू शकते, आणि मग तो नव्या मालकाच्या हातातही बंदच राहतो.

फोन हातात आला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. इंग्रजीत 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून हा क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा, किंवा दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासा. क्रमांक काळ्या यादीत असेल, दुसऱ्या मॉडेलचा निघाला किंवा आधीच वापरात असलेला दाखवला, तर फोन घेऊ नका. चोरीचा माल आहे हे कळायला कारण असूनही घेणारा स्वतः गुन्ह्यात ओढला जातो. तिथे ग्राहक आयोग तुमच्या मदतीला येणार नाही. सेक्टर २२ च्या मोबाइल बाजारात समोरासमोर घेताना हे दोन मिनिटांत होते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे हा क्रमांक आधीच मागा. देत नसेल तर पुढे बोलूच नका.

ग्राहक आयोगाचा दरवाजा

विकणारा दुकानदार, कंपनी किंवा नियमित धंदा करणारा असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे. जुनी, दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे हे या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नाव घेऊन सांगितले आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. 'जुन्या मालाला बिल नसते' हे वाक्य खोटे आहे. जीएसटी नोंदणी नसलेला छोटा दुकानदारही साधे बिल देऊ शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला परत घेणे आणि पैसे परत करणे नाकारता येत नाही. प्रत्येक संकेतस्थळावर तक्रार अधिकारी असला पाहिजे; त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो.

पण एखाद्या शेजाऱ्याने आपला जुना फोन एकदाच विकायला काढला, तर हे ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. तसे नियमातच लिहिले आहे. धंदा न करणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगाची वाटही अरुंद होते. मग उरते लेखी नोटीस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच्या तडजोडीचा अर्ज, आणि शेवटी दिवाणी न्यायालय. १२ हजारांच्या फोनसाठी दिवाणी दावा व्यवहारात परवडत नाही. अशा विक्रेत्याकडून घ्यायचे असेल तर समोरासमोर, दिवसाउजेडी, चालू करून पाहूनच घ्या आणि पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात टाका. 'भावाच्या नंबरवर टाका' म्हणाला तर व्यवहार थांबवा.

वस्तू घरी आल्यावर पहिल्या दिवसाला फार किंमत आहे. पार्सल फोडण्याआधीपासून चित्रण सुरू करा. वरचा पत्ता, सील, मग वस्तू, मग चालू करून मॉडेल आणि क्रमांक. जाहिरात विक्रीनंतर बहुधा काढली जाते, म्हणून तिचे स्क्रीनशॉट बोली लावतानाच घ्या. मूळ संदेश फोनमधून पुसू नका. लॅपटॉपची तक्रार असेल तर दुरुस्तीवाल्याला उघडायला देण्याआधी विक्रेत्याला कळवा; एकदा स्क्रू निघाले की 'तुम्हीच भाग बदलला' हे उत्तर तयारच असते.

तक्रार लिहिताना रागाचे शब्द गाळा. समजा, लॅपटॉपचे उदाहरण घेतले तर एवढे पुरेसे आहे : "अमुक तारखेच्या जाहिरातीत ५१२ जीबी साठवण आणि चार तासांची बॅटरी लिहिली होती. मिळालेल्या यंत्रात २५६ जीबी आहे आणि बॅटरी वीस मिनिटे टिकते. छायाचित्रे जोडली आहेत. वस्तू परत करण्यास मी तयार आहे. २४,००० रुपये आणि पाठवणीचा खर्च पंधरा दिवसांत परत करावा." आयोगासमोर जायची वेळ आली तर हेच पत्र तुमचा पाया होते.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथे मराठीतही बोलता येते, हे इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना बऱ्याचदा ठाऊक नसते. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवते आणि पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. १९८६ च्या जुन्या कायद्यात विक्रेता मुंबईचा असेल तर तिकडे जावे लागण्याची भीती असे. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करता येते. चंदीगडचे आयोग सेक्टर १९ मध्ये मध्य मार्गावर आहेत. मात्र आपल्या ट्रायसिटीत एक गंमत आहे : मोहाली आणि झिरकपूर पंजाबात, पंचकुला हरियाणात. मनीमाजऱ्यात राहणाऱ्याला चंदीगड आयोग. झिरकपूरला राहून नोकरीही तिकडेच असेल तर मोहालीचा. झिरकपूरला राहून चंदीगडच्या कार्यालयात नोकरी असेल तर तुम्हाला निवड आहे. पत्ता चुकवून महिने घालवू नका.

सरकारी लिलावाचा मोह असेल तर एवढेच सांगतो. एमएसटीसीसारख्या सरकारी ई-लिलावात जुनी यंत्रसामग्री 'जेथे आहे, जशी आहे' तत्त्वावर जाते, पाहणीचे दिवस ठरलेले असतात आणि मागे हटलात तर अनामत जाते. टाकाऊ संगणकांचे लॉट ई-कचरा नियमांमुळे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांसाठी असतात. एका लॅपटॉपसाठी हा बाजार नाही.

बँकेविरुद्धच तक्रार असेल तर

चार्जबॅकचा अर्ज तुम्ही वेळेत दिला आणि शाखेने तो पुढे पाठवलाच नाही, किंवा १९३० वरची तक्रार येऊनही हालचाल झाली नाही, तर ती आमच्या सेवेतली उणीव आहे. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. विक्रेत्याने खराब माल दिला ही तक्रार लोकपाल ऐकत नाही. बँकेने काय केले नाही, एवढेच तो पाहतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही. टपालाने पाठवायचा असेल तर योगायोगाने देशभरचे सगळे अर्ज आपल्याच गावात येतात : केंद्रीय स्वीकृती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. अर्ज मराठीत लिहिला तरी घेतला जातो. सोबत बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच जोडा; ती नसेल तर अर्ज तिथूनच परत येतो.